लांब झालेलं बसकर

कांताताई,

धुळ्याला तुमची शोकसभा झाली. मला मान देऊन पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. एकेक माणूस उठून बोलत होता. ताईंचा स्वभाव फार शांत, ताईंनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही, ताईंचं सगळ्यांशी जमायचं. मी ऐकत होतो आणि मला वाटायला लागलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेत येऊन बसलो. शेवटी शेजारच्या प्राध्यापकाला विचारलं, "या कोणत्या ताई?" तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, म्हातारं दुःखानं भ्रमलं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं, "आता नाना दोन शब्द बोलतील." मी म्हटलं, माझं दोन शब्दांत आटोपत नाही, आणि बाहेर येऊन एस.टी. धरली.

म्हणून हे लिहितोय. माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे. तिसरी नापास नव्हे, तिसरी सोडलेला. त्यात फरक आहे, आणि तो मी तुम्हाला पुष्कळदा समजावून सांगितला होता. नात मंगल म्हणाली, "नाना, मी शुद्ध करून देते." मी म्हटलं, हात लावू नको. ताईंना माझ्या चुका ऐकायची सवय होती.

तुमचं माझ्याशी एक दिवस जमलं नाही, ताई. ते कुणीतरी सांगायला पाहिजे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा उन्हाळा होता. सोनगीरच्या पुढं हमरस्त्यावर एस.टी.तून उतरलात, गाव ओलांडलंत आणि कोरड्या नाल्यातून आमच्या वस्तीत आलात. डोक्यावर रुमाल, खांद्याला झोळी. मी भिंतीच्या सावलीत बारदान शिवत बसलो होतो. धुळ्याच्या बाजार समितीत भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायची, हे माझं काम. फाटकी पोती घरी आणून सांधायची, तेही माझंच.

"इथली शाळा कुठे आहे?" तुम्ही विचारलंत.

"तिलाच टेकून उभ्या आहात."

तुम्ही बाजूला झालात, भिंतीकडे बघितलंत आणि म्हणालात, "ही?"

त्या "ही?"चा मला जो राग आला, तो पुढं कधी पुरता गेला नाही म्हटलं तरी चालेल.

"गुरुजी कुठे आहेत?"

"मतदारांच्या याद्या करायला गेले."

"आणि मुलं?"

"वाट बघतात."

"गुरुजींची?"

"सुट्टीची."

तुम्ही हसलात. मग मी चौकशी केली. तुम्ही जळगावच्या, मूळ घराणं राजस्थानकडचं, वडिलांचं कापडाचं दुकान. मी म्हटलं, "मग गादीवर बसून कापड फाडायचं सोडून उन्हात काय शोधताय?" तुम्ही म्हणालात, "एकाच गावात दोन शाळा. दोन्ही जिल्हा परिषदेच्या. पुस्तकं तीच. तरी चौथीतली तिकडची मुलं धडा घडाघडा वाचतात आणि इकडची अक्षर जुळवत बसतात. असं का होतं, ते शोधते."

"सापडलं की मला सांगा."

"सांगेन. पण तुम्हाला आवडणार नाही."

आपलं भांडायचं तिथंच ठरलं, असं मला आता वाटतं.

शोकसभेत कुणीतरी तुमच्या अभ्यासाबद्दल बोलताना "त्या वस्तीतली लहानशी शाळा" म्हणालं. लहानशी कशी झाली ते त्यांना कुठलं माहीत असायला. मी पोरगा होतो तेव्हा गावात एकच शाळा होती, मारुतीच्या पाराजवळची. तिला सगळे मोठी शाळा म्हणतात. आम्ही नाल्यापलीकडचे. जात सांगायची गरज पडत नसे, नाल्यापलीकडचा म्हटलं की माणूस समजून जायचा. आम्हाला वर्गाच्या दाराशी, उंबऱ्याबाहेर बसवत. दाराच्या चौकटीतून फळा अर्धाच दिसायचा. डावीकडची अक्षरं मी शिकलो, उजवीकडची राहिली, असं मी तुम्हाला गमतीनं सांगितलं, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. पाटी तपासायची तर गुरुजी ती जमिनीवर ठेवायला लावत आणि उभ्यानंच बघत. एक दिवस मी ठेवली नाही. हातात धरून उभा राहिलो. ते म्हणाले, ठेव. मी म्हटलं, घ्या. तिथं माझं शिक्षण संपलं.

मोठे झाल्यावर आम्ही वस्तीतल्या माणसांनी आपली शाळा बांधली. नाल्यातले दगड, आमची माती, आमचे हात. दोन खोल्या. सरकारनं मागाहून मान्यता दिली, एक मास्तर दिला. तिथं आमचं पोर फळ्यासमोर बसतं. संपूर्ण फळ्यासमोर. त्या भिंतीला टेकून तुम्ही "ही?" म्हणालात, ताई. आता तरी कळलं का राग कसला होता?

तुम्ही येत राहिलात. दोन्हीकडच्या पोरांना एकच धडा वाचायला द्यायच्या, एकच गणितं घालायच्या. मग एक दिवस माझ्यासमोर मांडी घालून बसलात आणि सरळ बोललात.

"नाना, ही शाळा तुमची आहे. पण ती मुलांना शिकवत नाही."

"चार वर्ग आणि एक मास्तर. वर त्याला याद्या, जनगणना, नसबंदीच्या केसेस. यात शाळेचा दोष काय?"

"दोष कुणाचाही असो, मागं पडतं ते मूल. तिकडे प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे. मुलं एकत्र बसली तर इकडची पुढे येतील."

"आमची पोरं तिथं दारात बसतील."

"आता कुणी बसवत नाही. मी प्रत्येक शिक्षकाला विचारलं आहे. सगळे सांगतात, वेगळं बसवत नाही."

"मग ते तुमचं संशोधन नाल्यात ठेवा," मी म्हटलं. "पाणी आलं की जाईल."

तुम्ही तरातरा निघून गेलात. पुढच्या आठवड्यात परत हजर. या वेळी बसचा विषय घेऊन. गावातल्या व्यापाऱ्यांची आणि काही मोठ्या शेतकऱ्यांची पोरं गळ्यात टाय बांधून धुळ्याच्या खासगी शाळेत जायला लागली होती. तुम्ही म्हणालात, "बघा नाना, ज्यांना जमतं ते शाळा निवडतात. तुमच्या मुलांना निवडायला काय आहे?" मी म्हटलं, "ही आम्ही निवडली. निवडली कसली, बांधली. त्या टायवाल्यांनी एक वीट तरी रचली का?" तुम्ही गप्प झालात, पण पटलं म्हणून नव्हे. तुमचं गप्प बसणं मी ओळखायला शिकलो होतो. ती पुढच्या भांडणाची तयारी असायची.

मग हुकूम आला. जूनपासून आमची शाळा बंद, पोरं मोठ्या शाळेत.

मी तडक जळगाव गाठलं. दुकानाच्या वरच तुमचं घर. जिना चढता चढताच ओरडलो, "ताई, खाल्ली तुम्ही आमची शाळा!"

तुम्ही दारात आलात. चेहरा उतरलेला. "बंद करा असं मी लिहिलं नाही, नाना. मी लिहिलं, ज्या पालकांना मोठ्या शाळेत घालायचं त्यांना घालू द्या, आणि ही शाळा सुधारा."

"मग असं कसं झालं?"

"त्यांना वाक्याचा पहिला अर्धा भाग आवडला."

रागातही मला हसू आलं. ते मी दाखवलं नाही.

जेवायची वेळ होती. तुमच्या आई जुन्या वळणाच्या. त्यांनी माझं ताट बाहेर गॅलरीत, चपलांपाशी मांडलं. मी बघितलं. तुम्हीही बघितलंत. आत गेलात, आपलं वाढलेलं ताट उचलून आणलंत, पायानं चपला सरकवल्यात आणि माझ्याशेजारी फरशीवर बसलात. आई आतून म्हणाल्या, "कांता, आत बस, पंखा आहे." तुम्ही म्हणालात, "इथं वारा आहे." वारा कसला, एक पान हलत नव्हतं. मी विचारलं, "हे पण संशोधनात धरायचं का?" तुम्ही म्हणालात, "जेवा नाना, मग भांडू." थोड्या वेळानं आई स्वतःच गरम फुलके घेऊन बाहेर आल्या आणि दोघांच्या ताटात टाकत म्हणाल्या, "भांडायचंच आहे तर पोटभर खाऊन भांडा." त्या दिवशी तुमच्या घरात काय झालं ते मी कधी बोललो नाही. बोलायची रीत नाही माझी.

दुसऱ्या दिवशी आपण धुळ्याच्या कचेरीत गेलो. तुम्ही साहेबाला इंग्रजीत सांगत होतात, मी अहिराणीत, आणि साहेब मधल्यामध्ये मराठीत घामाघूम. शेवटी तोड निघाली. पहिली-दुसरी आमच्या शाळेत राहील. तिसरीपासून पोरं मोठ्या शाळेत. मुदत एका वर्षाची. तेवढ्यात आमची पोरं तिथं टिकली पाहिजेत आणि इथली लहान पोरं वाचायला लागली पाहिजेत. नाहीतर शाळेला कुलूप, आणि पोरांचं काय ते ज्याचं त्यानं बघावं. बाहेर येऊन रसवंतीवर उसाचा रस पिताना आपण दोघंही म्हणालो की आपलं खरं झालं.

मंगल त्या वर्षी तिसरीत गेली. पहिल्या दिवशी मी मोठ्या शाळेपाशी जाऊन उभा राहिलो. माझं सगळं लक्ष दाराकडे. दारात कुणी नव्हतं. सगळी पोरं आत. खरं सांगतो, मला थोडी निराशाच झाली. तुम्ही आत बाईंजवळ खुर्चीवर बसला होतात, तिथून माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. तो माज मी विसरलेलो नाही.

आठवडा गेला आणि मंगल सकाळी उठून म्हणाली, "मी नही जास शाळामा."

"काब्र? कोनी काय बोलनं का तुले?"

"कोनी नही बोलनं. मले बसकर नही शे. बठ्ठास्ले शे."

सगळ्यांकडे बसकर आहे, आपल्याकडे नाही, म्हणत होती. तिथं मला उलगडलं. शाळेत तेव्हा बाकं नव्हती. ज्यानं त्यानं घरून बसकर न्यायचं आणि अंथरून बसायचं, ही रीत. गावातल्या पोरांची बसकरं आयांनी शिवलेली, जुन्या लुगड्यांची, गोधडीसारखी मऊ, दोघं-तिघं मावतील अशी. ती पोरं एकमेकांच्या बसकरावर सरकत जायची आणि फळ्यासमोरची जागा भरायची. आमच्या पोरांकडे पोत्याचा तुकडा, नाहीतर काहीच नाही. ती उरलेल्या जागेत, मागच्या भिंतीशी, उघड्या जमिनीवर. कुणी कुणाला वेगळं बसवलं नव्हतं. शिक्षक तुमच्याशी खोटं बोलले नव्हते. आमच्या शाळेत सगळीच पोरं सारवलेल्या जमिनीवर बसायची, म्हणून बसकराचा विचार माझ्याही डोक्यात कधी आला नव्हता. तुम्ही शिक्षकांना विचारत होतात, मी दाराकडे बघत होतो. खाली जमिनीकडे आपल्या दोघांतल्या एकानंही बघितलं नाही.

मी मंगलला म्हटलं, "जाऊ दे. आपल्याच शाळेत तिसरी काढायला लावू."

"नको," ती म्हणाली. "तठे बाईनी गोष्ट अर्धी सोडेल शे."

पोरीला तिथंच जायचं होतं. फक्त बसायला पाहिजे होतं.

मी दाभण घेतलं आणि बसलो. एक पोतं उसवून पसरलं, त्याला दुसरं जोडलं, मग तिसरं. हात चालला की माझा थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा ते आमच्या दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत गेलं होतं.

"नाना, हे काय आहे?"

"मंगलचं बसकर."

"हे तर वर्गभर होईल!"

"लांब झालं जरा."

तुमचे डोळे चमकले. "सगळ्या मुलांनी एकाच पट्टीवर बसावं म्हणून शिवताय तुम्ही. मान्य करा. मी म्हणत होते तेच हे."

"मी माझ्या नातीचं बसकर शिवतोय. ते लांब झालं. बोलू नका, टोक धरा."

तुम्ही टोक धरलंत. मग म्हणालात, मला पण शिवू द्या, आणि पहिल्याच टाक्याला दाभण बोटात घालून घेतलंत. कापडवाल्याच्या घरची पोर, आणि सुई धरता येईना. मी पुष्कळ हसलो. तुम्ही बोट तोंडात धरून मला शिव्या देत होतात, बहुतेक मारवाडीत.

पट्टी वर्गात अंथरली. तिसरीच्या बाईंची एकच तक्रार, घडी घालायला दोन माणसं लागतात. पोरं बसली. आपल्याला वाटलं, झालं.

कुठलं झालं! दोनच दिवसांत कोकिळाबाई आल्या. गावातल्या चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याची बायको, तिचा बापू मंगलच्याच वर्गात. पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "मना पोऱ्याले टोचस ते!"

मी म्हटलं, "पोतंच ते. टोचणारच."

"तुमना पोरेस्ले सवय व्हई. मना पोऱ्यानी चड्डी आखूड शे."

बोलण्यात काय होतं ते मलाही समजलं आणि तुम्हालाही. पण पोतं टोचतं, हेही खरंच होतं. तुम्ही लगेच म्हणालात, "उद्या मी दुकानातून कापडाच्या थानाचे उरलेले तुकडे आणते, वरून लावू." मी म्हटलं, "दुकानाचं दान नको आम्हाला." तुम्ही म्हणालात, "दान कसलं, तुमचा अभिमान मुलांच्या मांड्यांना टोचतोय." मी म्हटलं, "आणि तुमची दया मला टोचते." आपण शाळेच्या ओसरीवर उभे राहून असे भांडलो की वर्गातली पोरं दाराशी गोळा झाली. आपलं चालू असताना कोकिळाबाई घरी जाऊन आल्या. जुनं लुगडं आणि सुईदोरा घेऊन खाली बसल्या, आणि जिथं बापू बसतो तेवढाच, हातभर जागेवर त्यांनी चौघडी लुगडं शिवून टाकलं. "ही मना बापूनी जागा शे," असं सगळ्या वर्गाला सांगून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग त्या हातभर जागेवर. तुम्हाला आठवतंय ना? कुणाचं ढोपर कुणाच्या पोटात, कुणी कुणाच्या मांडीवर. बाकीची पट्टी ओस. मंगल मधोमध. बापू मात्र बाहेर, रडवेला. बाई ओरडून ओरडून थकल्या. कोकिळाबाई धावत आल्या, "उठा रे बठ्ठा! मना पोऱ्यानी जागा शे!" पोरं उठली. बाईंची पाठ वळली की परत बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी कोकिळाबाईंनी घरातली होती नव्हती ती लुगडी आणली, जावेची मागून आणली, आणि ओसरीवर बसून सगळी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मढवली. का, तर बाकीच्या पोरांनी बापूच्या जागेवरून उठावं म्हणून. शिव्या देत देत शिवलं त्यांनी. समता वगैरे काही मनात नव्हतं. मी मुद्दाम विचारलं होतं.

पण तोवर पोरांची जागा ठरून गेली होती. बापू मंगलशेजारून हलेना. तिला पाढे यायचे आणि त्याच्या खिशात बोरं असायची.

तुम्ही कपाळाला हात लावून मला विचारलंत, "नाना, हे मी अहवालात कसं लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, पोतं टोचतं."

वर्ष संपलं. आमची पोरं मोठ्या शाळेत टिकली. मास्तरांकडे दोनच वर्ग उरले, तशी इथली लहान पोरंही वाचायला लागली. आमच्या शाळेला कुलूप लागलं नाही, उलट मास्तरांच्या जोडीला एक शिक्षिका मिळाली. ती कशी मिळाली ते शोकसभेत कुणी बोललं नाही. कचेरीच्या पायऱ्या तुम्ही किती चढलात ते मी बघितलंय. ती तरुण बाई आली आणि पहिल्या दिवसापासून लहान पोरांशी अहिराणीत बोलायला लागली. आधी घरच्या बोलीत गोष्ट, मग तीच पुस्तकात. तुम्ही तिच्याशीही वाद घातलात आणि पुढं तिच्याकडूनच शिकलात. तुम्ही पोरांचं वाचन पुन्हा तपासलंत आणि मला येऊन सांगितलंत, "फरक कमी झालाय, नाना. गेला नाही." गेला नाही, हेही सांगितलंत. दुसरं कुणी असतं तर हार घालून घेतला असता.

पट्टीच्या वर्षानंतरच्या जूनमध्ये गावातल्या आणखी काही घरांनी आपली पोरं धुळ्याच्या बसमध्ये घातली. पट्टीमुळेच. तोंडानं कुणी बोललं नाही. तुम्ही दिवसभर आमच्या ओट्यावर बसून होतात. म्हणालात, "ज्यांना निवडता येतं ते निघून जातात. मग मागं उरलेले पुन्हा एकटेच."

मी म्हटलं, "जाऊ द्या. जाणाऱ्याच्या मागं पळून शाळा चालत नाही."

"आणि सगळेच गेले तर?"

मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, चहा घ्या. ताई, अजूनही आलेलं नाही. पोती शिवताना तो प्रश्न घेऊन बसतो. एखाद्या दिवशी वाटतं जमलं, आणि तुमचा आवाज कानात येतो, "मग हे कसं?" की पुन्हा पहिल्यापासून.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी मी जळगावला तुम्हाला बघायला आलो. किती वाळला होतात. आईंनी माझी खुर्ची ओढून तुमच्या उशाशी ठेवली आणि स्वतः खाली बसल्या. तुम्ही हळूच म्हणालात, "नाना, आता तरी मान्य करा. माझं बरोबर होतं."

"आजारी माणसाशी खोटं बोलू नये."

हसू आलं तुम्हाला, मग खोकला. "थोडंसं तरी?"

"अर्धं."

"कुठलं अर्धं?"

"बऱ्या व्हा, मग सांगतो."

मी ते मुद्दाम अडकवून ठेवलं होतं. वाद अर्धा सोडून तुम्ही कधी राहिला नाहीत. कितीही भांडून गेलात तरी आठवड्यात परत यायच्या, म्हणून मला वाटलं, या ओढीनं तरी उठाल. आणि खरं तर कुठलं अर्धं, ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. शिकलेली माणसं आमच्याशी दोनच रीतींनी बोलतात. एक तर शिकवतात, नाहीतर "हो नाना, बरोबर नाना" करतात. दोन्हींत ती उभी असतात आणि आपली पाटी खाली. तुम्ही भांडलात. घसा बसेपर्यंत भांडलात, माझं चुकलं तिथं चुकलं म्हणालात, तुमचं चुकलं तिथं दातओठ खात कबूल केलंत. माणूस बरोबरीच्याशी भांडतो. मला माझ्या आयुष्यात असं फार थोड्यांनी वागवलं, आणि त्यांत शिकलेल्या तुम्ही एकट्या.

तुम्ही गेलात त्याला महिना व्हायचा होता, आणि शाळा उघडली. मी आमच्या शाळेपाशी बसलो होतो. नाल्यातून एक तरुण बाई येताना दिसली, हाताला धरलेली लहान पोर. गावातल्या शेतकरी घरातली सून. मला म्हणाली, "नाना, पहिलीचं नाव इथंच घालतात ना?"

मला वाटलं, वाट चुकली. "मोठी शाळा तिकडे, पारापाशी. पहिली तिथंही आहे."

"माहीत आहे. माझ्या दाराशीच आहे ती."

"मग?"

"तुमच्या बाईंकडची पोरं दिवाळीपर्यंत वाचायला लागतात. मी ऐकलं, मग येऊन बघून गेले. हिला इथं घालायचंय."

मी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. म्हटलं, "बाई, आमची शाळा लहान. आणि नाल्यापलीकडची. घरी विचारलं का?"

"विचारलं. भांडले सगळे."

"मग काय केलं?"

"मीपण भांडले."

तिला मी आत नेलं. बाईंनी नाव लिहून घेतलं आणि त्या पोरीला म्हणाल्या, बस कुठं बसायचं तिथं. ती पोर आमच्या सगळ्या पोरांकडे बघत उभी राहिली. घाई नाही. एकेकाचं तोंड बघितलं, आणि मग पुढं जाऊन दोघींच्या मधे जागा करून बसली. त्या दोघी सरकल्या.

ताई, हे तुमच्या कुठल्या अहवालात नव्हतं आणि माझ्या डोक्यातही नव्हतं. तुम्ही आमची पोरं तिकडं न्यायला निघाला होतात, मी ती इकडं राखायला बसलो होतो. तिकडचं कुणी विचार करून, भांडून, आमच्याकडे येईल, असं आपल्या एकाही भांडणात कधी निघालं नाही.

तेव्हा ते अर्धं आता सांगतो. पोरं एकत्र बसली पाहिजेत, हे तुमचं बरोबर होतं. नाल्याच्या कुठल्या बाजूला, ते चुकलं.

यावर तुमचं काहीतरी म्हणणं असणारच. ते मला ऐकू येतंय, आणि पटत नाही.